कपॅसिटर ॲप: रिलीजमध्येच पांढरं पान, आयफोन सफारीत दिसत नाही, यूपीआयचं बटण अडतं. वेबव्ह्यूच्या आत नक्की कसं बघायचं?

ओढ्याकाठी

कपॅसिटर ६ वरचं ॲप आहे, म्हणजे वेबची पानं ॲपच्या आत बसवलेल्या ब्राउझरमध्ये (वेबव्ह्यूत) चालतात. वेबचा भाग रिॲक्ट आणि व्हीट ५ (वेबचा कोड बांधणारं साधन). भाजी-दुधाची आठवड्याची वर्गणी भरायचं ॲप असल्यामुळे वापरणाऱ्यांकडे जुने, स्वस्त फोन भरपूर. डीबग बिल्ड हाताशी असलेल्या तिन्ही फोनांवर नीट चालतं. खालच्या चारही तक्रारी रिलीजनंतरच आल्या.

काही अँड्रॉइड फोनांवर स्प्लॅश जातो आणि पांढरं पान उरतं. क्रॅश नाही, एरर नाही. प्ले स्टोअरच्या बिल्डला केबल लावून क्रोमचं इन्स्पेक्ट पान उघडलं तर फोन दिसतो, पण त्याखाली ॲप येतच नाही. लॉगकॅटही (फोनवरच्या नोंदींची यादी) कोरा.

टेस्टफ्लाइटवरून (ॲपलची चाचणी-बिल्ड वाटायची सोय) टाकलेल्या आयफोनमध्येही एकाकडे पांढरं पान आहे. मॅकवरच्या सफारीत डेव्हलप मेनूखाली फोनचं नाव दिसतं, पण तपासण्याजोगं काहीच नाही असं सांगतं.

पेमेंटचं पान आम्ही वेगळ्या ॲक्टिव्हिटीत, स्वतः लावलेल्या वेबव्ह्यूमध्ये उघडतो. तिथे यूपीआयचं बटण दाबलं की ‘नेट::ईआरआर_अननोन_यूआरएल_स्कीम’ लिहिलेलं पान येतं.

आणि कपॅसिटर ५ वरून ६ वर आल्यावर अँड्रॉइडवरचे सगळे लोक लॉगआउट झाले. कार्टही रिकामी. आयफोनवाल्यांना काही झालं नाही.

कोडमध्ये अंदाजाने बदल करत बसायचं नाही. आधी आतला कन्सोल डोळ्यांनी बघायचाय. सुरुवात कुठून करू?

---

तिठा

चारही तक्रारी वेगळ्या आहेत, एकत्र सोडवायला जाऊ नका. मी अँड्रॉइडच्या पांढऱ्या पानाबद्दल लिहितो.

ॲप इन्स्पेक्टमध्ये दिसत नाही हे बरोबरच आहे. वेबव्ह्यूचं रिमोट डीबगिंग अँड्रॉइड ४.४ पासून आहे, पण ॲपने स्वतः दार उघडावं लागतं: `वेबव्ह्यू.सेटवेबकॉन्टेन्ट्सडीबगिंगएनेबल्ड(ट्रू)`. ही स्टॅटिक मेथड आहे, एकदा हाक मारली की त्या ॲपमधल्या सगळ्या वेबव्ह्यूंना लागू. वेबव्ह्यू ११३ पासून मॅनिफेस्टमध्ये डीबगेबल असलेल्या ॲपला हे आपोआप मिळतं. कपॅसिटरही डीबग बिल्डला चालू आणि रिलीजला बंद ठेवतो. म्हणून घरी दिसतं, दुकानात दिसत नाही.

लॉगकॅट कोरा असण्याचं कारणही तिथेच आहे. साध्या वेबव्ह्यूत कन्सोलचे संदेश ‘क्रोमियम’ या टॅगखाली लॉगकॅटमध्ये पडतात. कपॅसिटर ते मधेच अडवून आपल्या लॉगरकडे देतो, आणि कॉन्फिगमधलं `लॉगिंगबिहेवियर` मुळात ‘डीबग’ असतं. रिलीजमध्ये तो लॉगर गप्प.

त्यामुळे प्ले स्टोअरच्या बिल्डशी झगडू नका. ग्रेडलमध्ये (अँड्रॉइडचं बिल्ड साधन) तिसरा बिल्ड टाइप करा, नाव ‘तपासणी’ किंवा काहीही. त्यात `इनिटविथ रिलीज`, म्हणजे आर८ (कोड आकसवणारं साधन) आणि मिनिफिकेशन अगदी रिलीजसारखंच राहील. `मॅचिंगफॉलबॅक्स` मध्ये रिलीज द्या, नाहीतर कपॅसिटरच्या आणि प्लगिन्सच्या मॉड्यूलना हा टाइप माहीत नसल्यामुळे ग्रेडल अडून बसतं. `ॲप्लिकेशनआयडीसफिक्स` दिला की मूळ ॲप न काढता शेजारी बसतं. या बिल्डसाठी कपॅसिटरच्या कॉन्फिगमध्ये अँड्रॉइडखाली `वेबकॉन्टेन्ट्सडीबगिंगएनेबल्ड` ट्रू करा आणि `लॉगिंगबिहेवियर` ‘प्रॉडक्शन’ ठेवा. मग `एनपीएक्स कॅप सिंक` विसरू नका. टाइपस्क्रिप्टची कॉन्फिग फाइल बदलली तरी नेटिव्ह प्रोजेक्टमध्ये तिची जेसन प्रत जाते, आणि ती प्रत सिंक किंवा कॉपी केल्याशिवाय जुनीच राहते. ‘ट्रू केलं तरी दिसत नाही’ म्हणणाऱ्या अर्ध्या लोकांचं इथेच अडलेलं असतं.

प्ले स्टोअरवर जाणाऱ्या बिल्डमध्ये मात्र हे बंदच हवं. उघडं राहिलं तर फोन हातात आलेला कुणीही केबल लावून लॉगिनचा टोकन वाचू शकतो.

आता जोडणी. फोनवर यूएसबी डीबगिंग चालू, संगणकाच्या ठशाला परवानगी दिलेली, आणि केबल डेटा नेणारी. फक्त चार्जिंगच्या केबलवर `एडीबी डिव्हायसेस` ची यादी रिकामी येते. ‘अनऑथराइज्ड’ आलं तर डेव्हलपर ऑप्शन्समधून जुन्या परवानग्या रद्द करून पुन्हा जोडा. मग क्रोममध्ये `क्रोम://इन्स्पेक्ट`, आणि तुमच्या पॅकेजच्या नावाखाली ‘इन्स्पेक्ट’.

पहिल्यांदा खिडकी कोरी आली तर तुमच्या ॲपवर संशय घेऊ नका. डेव्हटूल्सचा दर्शनी भाग फोनवरच्या वेबव्ह्यूच्या आवृत्तीनुसार गूगलच्या सर्व्हरवरून उतरवला जातो. ऑफिसच्या फायरवॉलने तो पत्ता अडवला असेल तर खिडकी कोरीच राहते. फोनवरचा वेबव्ह्यू संगणकावरच्या क्रोमपेक्षा नवा असला तरी असंच होतं. अशा वेळी शेजारची ‘इन्स्पेक्ट फॉलबॅक’ लिंक वापरा, किंवा आधी क्रोम अपडेट करा.

आणि खरा प्रश्न: कोणत्या फोनांवर? ‘अँड्रॉइड १०’ एवढं उत्तर पुरत नाही. अँड्रॉइड ५ पासून वेबव्ह्यू हे स्वतंत्र पॅकेज आहे, प्ले स्टोअरवरून अपडेट होतं. एकाच अँड्रॉइडच्या दोन फोनांत दोन वेगळे वेबव्ह्यू सापडतात. `एडीबी शेल डम्पसिस वेबव्ह्यूअपडेट` चालवा, सध्या कोणतं पॅकेज आणि कोणती आवृत्ती चालू आहे ते पहिल्या काही ओळींतच दिसतं. जुन्या फोनांना वरची मर्यादाही आहे. क्रोमियमने अँड्रॉइड ५ ला ९५ वर सोडलं, ६ ला १०६ वर, ७ ला ११९ वर. त्यातही ज्याने स्टोअरचं ऑटो-अपडेट बंद ठेवलंय किंवा ज्याच्या फोनमध्ये जागाच उरलेली नाही, तो कारखान्यातून आलेल्या आवृत्तीवरच असतो.

माझा अंदाज इथेच आहे. व्हीट ५ चं ठरलेलं लक्ष्य क्रोम ८७ आणि सफारी १४ असतं. `?.` आणि `??` क्रोम ८० पासून चालतात, म्हणून व्हीट ते जसेच्या तसे ठेवतो. वेबव्ह्यू ७४ वाल्या फोनवर बंडलच्या (व्हीटने बांधलेल्या जावास्क्रिप्ट फाइलच्या) पहिल्या `?.` ला ‘अनकॉट सिंटॅक्सएरर: अनएक्स्पेक्टेड टोकन .’ येतो. वाक्यरचनाच कळली नाही तर फाइलमधली एकही ओळ चालत नाही. रिॲक्ट उठतच नाही, तर एरर बाउंड्री कुठून उठणार? म्हणून पान पूर्ण पांढरं.

पडताळायला जुना फोन शोधत फिरायची गरज नाही. प्ले स्टोअर नसलेली अँड्रॉइड १० ची एमुलेटर इमेज घ्या, त्यात वेबव्ह्यू ७४ आहे. ११ च्या इमेजमध्ये ८३. प्ले स्टोअर असलेली इमेज घेतली तर वेबव्ह्यू मागच्या दाराने अपडेट होतो आणि दोष गायब होतो.

उपाय दोन थरांत. व्हीटच्या `बिल्ड.टार्गेट` मध्ये ‘क्रोम६४’ आणि ‘सफारी१३’ द्या, म्हणजे वाक्यरचना खाली उतरेल. पण व्हीट फक्त वाक्यरचना बदलतो, गायब फंक्शन भरून देत नाही. ॲरेचं `.ॲट()` क्रोम ९२ पासून, स्ट्रिंगचं `रिप्लेसऑल` ८५ पासून, `स्ट्रक्चर्डक्लोन` ९८ पासून. ही हवी असतील तर कोअर-जेएस (गायब फंक्शन भरून देणारी लायब्ररी) अगदी पहिल्या ओळीत इम्पोर्ट करा किंवा व्हीटच्या लेगसी प्लगिनमधला `मॉडर्नपॉलिफिल्स` वापरा. आणि ज्या आवृत्तीखाली आधार द्यायचाच नाही ती कपॅसिटरच्या `मिनवेबव्ह्यूव्हर्जन` मध्ये लिहा, मूळ आकडा ६० आहे. सोबत `एररपाथ` ला एक साधं एचटीएमएल पान द्या, ‘अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू अपडेट करा’ असं मराठीत लिहिलेलं. पांढऱ्या पानापेक्षा त्या माणसाला तेवढं तरी कळेल.

---

रातांबा

आयफोनबद्दल. आयओएस १६.४ च्या आधी नियम सरळ होता: एक्सकोडमधून टाकलेलं बिल्ड सफारीत दिसायचं, टेस्टफ्लाइट आणि ॲप स्टोअरचं दिसायचं नाही. १६.४ सोबत, २०२३ मध्ये, `डब्ल्यूकेवेबव्ह्यू` ला `इजइन्स्पेक्टेबल` हा गुणधर्म आला. त्या एसडीकेने, म्हणजे एक्सकोड १४.३ किंवा पुढच्याने बांधलेल्या ॲपमध्ये तो मुळात फॉल्स असतो. ट्रू केला तर टेस्टफ्लाइटचं बिल्डसुद्धा तपासता येतं. कपॅसिटरमध्ये कॉन्फिगमधल्या आयओएसखालच्या `वेबकॉन्टेन्ट्सडीबगिंगएनेबल्ड` ने तो ट्रू होतो. तुमचं टेस्टफ्लाइट बिल्ड रिलीज प्रकारचं असल्यामुळे तिथे बंद आहे. अंतर्गत परीक्षकांच्या बिल्डपुरतं चालू करा. स्वतःचा वेबव्ह्यू लावलेला असेल तर स्विफ्टमध्ये `इफ #अव्हेलेबल(आयओएस १६.४, *)` च्या आत ती ओळ लिहा, नाहीतर जुन्या लक्ष्यावर बिल्डच होणार नाही.

फोनवर सेटिंग्ज, सफारी, ॲडव्हान्स्ड, वेब इन्स्पेक्टर. आयओएस १८ मध्ये सफारी ‘ॲप्स’ या विभागात गेलीय, तिथे शोधा. मॅकवर सफारीच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये वेब डेव्हलपरांसाठीच्या सुविधा चालू करा. फोन अनलॉक आणि ॲप समोर हवं. डेव्हलप मेनूत पानाच्या नावावर माउस नेला की फोनवर तेवढा वेबव्ह्यू निळसर होतो. एका स्क्रीनमध्ये दोन वेबव्ह्यू असतील तर कोणता कुठला ते असं ओळखायचं. फोनचं आयओएस मॅकच्या सफारीपेक्षा बरंच नवं असेल तर यादीत नाव येतं आणि इन्स्पेक्टर कोरा उघडतो; अशा वेळी सफारी टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू घ्या.

आयफोनच्या पांढऱ्या पानाला एक कारण फार वेळा सापडतं: रेग्युलर एक्स्प्रेशनमधला लुकबिहाइंड, म्हणजे `(?<=` किंवा `(?<!`. सफारीने तो १६.४ मध्ये घेतला. त्याआधीच्या आयओएसवर ‘इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन: इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम’ हा सिंटॅक्सएरर येतो आणि पूर्ण बंडल पडतं. आयफोनवर वेबकिट आयओएससोबतच अपडेट होतं, वेगळं नाही. तो दोष तुमच्या कोडमध्ये नसेल, मार्कडाउन किंवा तारखांच्या एखाद्या लायब्ररीत असेल. म्हणून शोध सोर्समध्ये न घेता बांधलेल्या `डिस्ट` फोल्डरमध्ये घ्या.

मॅक नसेल, किंवा फोन दूर कुणाच्या तरी हातात असेल, तर `इंडेक्स.एचटीएमएल` मध्येच सापळा लावा. बंडलच्या स्क्रिप्टच्या वर एक साधी इनलाइन स्क्रिप्ट, मुद्दाम जुन्या वाक्यरचनेत: `व्हार` आणि `फंक्शन`, ॲरो नाही, टेम्प्लेट स्ट्रिंग नाही. तिच्यात `विंडो.ऑनएरर` बसवा. आलेला संदेश, फाइल, ओळ, कॉलम आणि `नॅव्हिगेटर.यूझरएजंट` साध्या एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टने सर्व्हरकडे पाठवा. बंडलमधला सिंटॅक्सएररही इथे पकडला जातो, कारण ही स्क्रिप्ट आधीच चालून गेलेली असते. सोबत आठ सेकंदांचा टायमर ठेवा: तोवर ‘रूट’ डिव्ह रिकामाच असेल तर तोच मजकूर स्क्रीनवर छापा. वापरणारा त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि त्यात ‘क्रोम/७४’ दिसलं की तपासणी तिथेच संपते.

---

कंदील

पेमेंटच्या वेबव्ह्यूकडे वळतो, कारण तिथे पैसे अडतात.

कपॅसिटरचा मुख्य वेबव्ह्यू अनोळखी स्कीम (पत्त्यातला `://` च्या आधीचा भाग) दिसली की स्वतःच अँड्रॉइडला इंटेंट (दुसरं ॲप उघडायचा निरोप) देतो. तुम्ही वेगळ्या ॲक्टिव्हिटीत साधा वेबव्ह्यू लावलाय, तिथे ती सोय नाही. `यूपीआय://पे?...` ही लिंक वेबव्ह्यू नेटवरचा पत्ता समजून उघडायला जातो, त्याला स्कीम ओळखता येत नाही, आणि ते पान दिसतं. म्हणजे पेमेंट गेटवेचा दोष नाही, यूपीआयचाही नाही.

आधी फोन बरा आहे का ते वेबव्ह्यू बाजूला ठेवून बघा. `एडीबी शेल एएम स्टार्ट -ए अँड्रॉइड.इंटेंट.ॲक्शन.व्ह्यू -डी` आणि पुढे पूर्ण यूपीआय लिंक. लिंकभोवती दुहेरी अवतरण आणि त्याच्या आत एकेरी, अशी दोन्ही हवीत. एकच दिलं तर ते संगणकाचं शेल खातं, फोनच्या शेलला `&` उघडा मिळतो आणि पहिल्या `&` च्या पुढचं सगळं तुटतं. मग रक्कम रिकामी दिसते आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. या आज्ञेने यूपीआय ॲपांची यादी वर आली तर फोन ठीक, काम तुमच्या `वेबव्ह्यूक्लायंट` मध्ये आहे.

`शुडओव्हरराइडयूआरएललोडिंग` मध्ये स्कीम बघा. एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस असेल तर फॉल्स परत करा, वेबव्ह्यू पुढचं बघेल. `इंटेंट` स्कीम असेल तर `इंटेंट.पार्सयूआरआय` ला `यूआरआय_इंटेंट_स्कीम` हा ध्वज देऊन इंटेंट बनवा. त्यावर ब्राउझेबल कॅटेगरी लावा, कम्पोनंट आणि सिलेक्टर दोन्ही नल करा. हे नल करणं टाळू नका, नाहीतर बाहेरचं पान तुमच्या ॲपच्या आतल्या, बाहेर न उघडलेल्या ॲक्टिव्हिटीला हाक मारू शकतं. बाकी सगळ्या स्कीमना साधा ॲक्शन व्ह्यू. `स्टार्टॲक्टिव्हिटी` ला ट्राय-कॅचमध्ये ठेवा. `ॲक्टिव्हिटीनॉटफाउंडएक्सेप्शन` आलं तर इंटेंटमधला `ब्राउझर_फॉलबॅक_यूआरएल` उघडा, तो नसेल तर ‘फोनमध्ये यूपीआय ॲप सापडलं नाही’ असं सांगा. शेवटी ट्रू परत करा.

जुन्या उत्तरांमध्ये आधी `रिझॉल्व्हॲक्टिव्हिटी` ने तपासायला सांगतात. अँड्रॉइड ११ पासून, मॅनिफेस्टमध्ये `क्वेरीज` दिल्याशिवाय, ॲप बसवलेलं असूनही ते नल देतं. ती तपासणी काढून टाका, ट्राय-कॅच पुरतं. कोणती यूपीआय ॲप आहेत ती यादी स्वतः दाखवायची असेल तरच `क्वेरीज` मध्ये यूपीआय स्कीम लिहा. आयफोनवर याचा जोडीदार म्हणजे `एलएसॲप्लिकेशनक्वेरीस्कीम्स`: त्यात नसलेल्या स्कीमला `कॅनओपनयूआरएल` नाहीच म्हणतो.

त्याच वेबव्ह्यूच्या सेटिंग्ज बघून घ्या. हाताने लावलेल्या वेबव्ह्यूत डॉम स्टोरेज मुळात बंद असतं. मग गेटवेच्या पानाला `लोकलस्टोरेज` नल मिळतं, आणि कन्सोलमध्ये ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टी गेटआयटम ऑफ नल’. `डॉमस्टोरेजएनेबल्ड` ट्रू करा. तिसऱ्या साइटच्या कुकीज अँड्रॉइड ५ पासून वेबव्ह्यूत बंद आहेत. गेटवे आयफ्रेममध्ये असेल तर `कुकीमॅनेजर` च्या `सेटॲक्सेप्टथर्डपार्टीकुकीज` ने त्या वेबव्ह्यूपुरत्या उघडा. काही बँकांची पानं `विंडो.ओपन` ने नवी खिडकी मागतात. अनेक खिडक्यांचा आधार चालू नसेल तर ते पान त्याच वेबव्ह्यूत उघडतं, ओटीपीही घेतं, आणि शेवटी मूळ खिडकीला निरोप द्यायला जातं तेव्हा मूळ खिडकी उरलेलीच नसते. लोडिंगची गिरकी फिरत राहते. त्याला `सेटसपोर्टमल्टिपलविंडोज` आणि `ऑनक्रिएटविंडो` दोन्ही लिहावे लागतात.

एसएसएलच्या चुकीवर `प्रोसीड()` लिहिलेला कोड कुठे उचलला असेल तर काढा. पेमेंटच्या पानावर तर तो कधीच नको, आणि प्ले स्टोअरही असं ॲप नाकारतं.

---

ओढ्याकाठी

तिठा, अंदाज बरोबर निघाला. अँड्रॉइड १० च्या एमुलेटरवर तोच सिंटॅक्सएरर दिसला, दोन तक्रारवाल्या फोनांवर वेबव्ह्यू ७४ आणि ७७ निघाले. लक्ष्य खाली आणून कोअर-जेएस घातल्यावर चालू झालं. रातांबा, आयफोनवाल्याकडे आयओएस १५ आहे आणि `डिस्ट` मध्ये लुकबिहाइंड सापडला, मार्कडाउनच्या लायब्ररीत. कंदील, यूपीआयची यादी आता वर येते.

दोन गोष्टी राहिल्या. लॉगआउटचं कोडं सुटलेलं नाही. आणि नेटवर्क टॅबमध्ये आमच्या एपीआयच्या विनंत्या दिसतच नाहीत, फक्त चित्रं आणि फाँट दिसतात.

---

तिठा

लॉगआउटचं कारण ओरिजिन, म्हणजे स्कीम आणि पत्ता मिळून होणारी पानाची ओळख. कपॅसिटर ५ पर्यंत अँड्रॉइडवर पान `एचटीटीपी://लोकलहोस्ट` वरून चालायचं, ६ मध्ये मूळ `अँड्रॉइडस्कीम` एचटीटीपीएस झाली. लोकल स्टोरेज, इंडेक्स्डडीबी दोन्ही ओरिजिनला बांधलेली असतात. स्कीम बदलली की ब्राउझरच्या दृष्टीने ती दुसरी साइट झाली. आयफोनवर `कपॅसिटर://लोकलहोस्ट` होतं तेच राहिलं, म्हणून तिथे काही हललं नाही. डेव्हटूल्समध्ये कन्सोलवर `लोकेशन.ओरिजिन` लिहून दोन्ही बिल्डांत बघा, एका ओळीत फरक दिसेल.

जुना डेटा पुसलेला नाही, फोनवरच जुन्या ओरिजिनखाली पडलाय. सर्व्हरखालच्या `अँड्रॉइडस्कीम` ला पुन्हा ‘एचटीटीपी’ दिलं तर तो परत दिसेल. पण नवी आवृत्ती बाहेर जाऊन दिवस उलटले असतील तर लोकांनी पुन्हा लॉगिन करून नवी कार्ट भरलीय. मागे गेलात तर त्यांची नवी कार्ट जाईल. किती जणांनी पुन्हा लॉगिन केलं ते सर्व्हरवर मोजा आणि मगच ठरवा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून टोकन आणि कार्ट लोकल स्टोरेजमध्ये ठेवू नका. कार्ट प्रेफरन्सेस प्लगिनमध्ये, ते ओरिजिनशी बांधलेलं नसतं. टोकन अँड्रॉइडवर कीस्टोअरच्या आणि आयफोनवर कीचेनच्या आधाराने. स्थलांतर दोन आवृत्त्यांत करावं लागतं: आधी जुन्याच स्कीमवर एक आवृत्ती, जी लोकल स्टोरेज वाचून प्रेफरन्सेसमध्ये लिहिते, स्कीम बदलणं त्याच्या पुढच्या आवृत्तीत. मधली आवृत्ती न घेता थेट शेवटची घेणारे राहतातच, म्हणून दोन्हींमध्ये काही आठवडे जाऊ द्या.

ओरिजिन बदलल्यावर सर्व्हरचा सीओआरएसही (कोणत्या ओरिजिनच्या पानाला उत्तर वाचू द्यायचं याचा नियम) तपासा. परवानगीच्या यादीत `एचटीटीपीएस://लोकलहोस्ट` आणि `कपॅसिटर://लोकलहोस्ट` दोन्ही हवेत. आणि पान एचटीटीपीएस झाल्यामुळे साध्या एचटीटीपीवरची एपीआय आता मिश्र मजकूर ठरते, वेबव्ह्यू ती अडवतो. टेस्ट सर्व्हर एचटीटीपीवर असेल तर हे आधी तिथे लागेल.

---

रातांबा

नेटवर्क टॅबचं: कॉन्फिगमध्ये `कपॅसिटरएचटीटीपी` चालू आहे का बघा. चालू असेल तर `फेच` आणि एक्सएचआर दोन्ही नेटिव्हकडे वळवलेले असतात. खरी विनंती जावा किंवा स्विफ्ट करते, वेबव्ह्यूला तिचा पत्ताच नसतो. टॅबमध्ये फार तर मधल्या पुलाची नोंद दिसेल. अँड्रॉइड स्टुडिओचा नेटवर्क इन्स्पेक्टर डीबग बिल्डवर या विनंत्या दाखवतो. दोन्हीकडे एकच साधन हवं असेल तर एमआयटीएमप्रॉक्सी (मधे बसून विनंत्या दाखवणारं साधन) लावा. फक्त अँड्रॉइड ७ पासून वापरणाऱ्याने टाकलेलं प्रमाणपत्र ॲप मानत नाही. नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये `डीबग-ओव्हरराइड्स` च्या आत `यूझर` प्रमाणपत्रांना विश्वास द्या. ते फक्त डीबगेबल बिल्डला लागू होतं, त्यामुळे तिठा यांनी सांगितलेल्या तपासणीच्या बिल्डला `इजडीबगेबल` ट्रू लागेल.

`कपॅसिटरएचटीटीपी` तात्पुरतं बंद करून नेटवर्क टॅबमध्ये बघायचा मोह होईल. बघा, पण मग सीओआरएस लागू होतो, जो नेटिव्ह विनंत्यांना नव्हता. तिथे आलेली चूक मूळ दोष समजू नका.

---

कंदील

यूपीआय चालू झालंय तर ही एक चाचणी करून घ्या: पेमेंटसाठी यूपीआय ॲपमध्ये गेल्यावर कमी रॅमच्या फोनवर तुमचं ॲप मागे असतं, आणि वेबव्ह्यूची रेंडरर प्रक्रिया सिस्टीम मारू शकते. अँड्रॉइड ८ पासून त्यासाठी `ऑनरेंडरप्रोसेसगॉन` आहे. तो लिहिलेला नसेल किंवा फॉल्स परत करत असेल तर पूर्ण ॲप पडतं, आणि लॉगकॅटमध्ये रेंडर प्रोसेस मारली गेल्याची ओळ येते. आयफोनवर कपॅसिटर अशा वेळी पान पुन्हा लोड करतो, म्हणून वापरणारा पैसे भरून परत येतो आणि थेट मुख्य पानावर उतरू शकतो. त्याला वाटतं पैसे गेले.

मुद्दाम घडवून बघायला तपासणीच्या बिल्डमध्ये एक बटण ठेवा, जे त्या वेबव्ह्यूवर `लोडयूआरएल("क्रोम://क्रॅश")` करतं. `ऑनरेंडरप्रोसेसगॉन` मध्ये जुना वेबव्ह्यू लेआउटमधून काढा, `डिस्ट्रॉय()` करा, नवा बनवा आणि ट्रू परत करा. मेलेल्या वेबव्ह्यूवरच पुन्हा `लोडयूआरएल` करू नका.

परत आल्यावर कोणतं पान दाखवायचं हे ऑर्डर क्रमांकावरून ठरवा, आणि तो क्रमांक यूपीआय ॲपकडे जाण्याआधीच प्रेफरन्सेसमध्ये लिहून ठेवा. पैसे आले की नाही हे वेबव्ह्यूच्या यशाच्या पत्त्यावरून ठरवू नका: `शुडओव्हरराइडयूआरएललोडिंग` ला पोस्ट विनंत्या कळतच नाहीत, आणि बऱ्याच बँका परतीचं पान पोस्टनेच पाठवतात. ऑर्डर क्रमांक घेऊन आपल्या सर्व्हरला विचारा, सर्व्हरने गेटवेला विचारावं. पहिल्या वेळी ‘प्रलंबित’ आलं तर तीन-तीन सेकंदांनी दहा वेळा विचारा, आणि तोवर स्क्रीनवर ‘पेमेंट तपासत आहोत, पुन्हा पैसे भरू नका’ असं मोठ्या अक्षरांत ठेवा.